व्हेज डम्पलिंग म्हणजे आपली जुगाड नाही

मा. संपादक, स.न.

रविवारच्या पुरवणीत डम्पलिंगची रेसिपी आली होती, रेसिपी ठीकच आहे पण शेवटी एक वाक्य टाकून दिलंय की व्हेज डम्पलिंग ही आपल्याकडची जुगाड, चीनमध्ये सगळं मांसाचंच. हे वाचून राहवेना म्हणून लिहितेय. मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं तिआनजिनला होतो (बीजिंगहून फास्ट ट्रेननं अर्धा तास), तिथं चिनी नववर्षाच्या पहिल्या दिवशी घरोघरी बिनमांसाचेच च्याओझ (म्हणजे डम्पलिंग) करतात, वर्ष साधं, कटकटीविना जावं म्हणून. सारणात मुगाचे लांब मोड, सुकं टोफू, काळे मशरूम, भरपूर कोथिंबीर, आणि हे सगळं बांधायला तिळाची पेस्ट आणि लाल रंगाचं आंबवलेलं टोफू. त्या शेवटच्या वस्तूचा वास सुरुवातीला नको वाटतो हे खरंय, पण तिच्याशिवाय चव येत नाही.

मांसाचे करतात ते आदल्या रात्री, बहुतेक पोर्क आणि चायनीज कोबी. कोबी बारीक चिरून मीठ लावून पिळून घ्यायचा आणि खिमा एकाच दिशेनं घोटत राहायचा म्हणजे चिकट होऊन मिळून येतो, शेजारच्या आजी यात कुणाचंच ऐकायच्या नाहीत.

दुसरं म्हणजे तुमच्या रेसिपीत एकटी बाई ओट्याशी उभी राहून सगळं करते असं दिसतं. अहो तसं कुणी करत नाही तिकडं, दिवाळीच्या करंज्यांसारखं सगळं घर बसतं, फक्त पुरुषपण बसतात हा फरक! एक जण लाटतो, छोटं बिनमुठीचं लाटणं, डाव्या हातानं पारी फिरवत कडा पातळ आणि मधे जाड ठेवायची, बाकीचे भरतात, पोरं मधेमधे लुडबुड करतात, टीव्हीवर १९८३ पासून दरवर्षी लागणारा तो नववर्षाचा मोठा कार्यक्रम चालू असतो आणि कुणी धड बघत नाही. एखाद्यात धुतलेलं नाणं घालतात, ज्याला मिळेल त्याचं वर्ष चांगलं (दात सांभाळून). भरलेले च्याओझ ठेवायला ज्वारीच्या धाटांच्या काड्या दोऱ्यानं शिवून केलेली गोल चकती असते, मी सोलापूरची, ती बघून मला एवढा आनंद झाला की मिस्टर हसायला लागले.

आणि हे सगळं मुख्यतः उत्तर चीनचं बरं का. दक्षिणेत त्या रात्री च्याओझ लागतातच असं नाही, तिकडं तांदळाच्या पिठाचे प्रकार जास्त, त्यामुळे सरसकट "चायनीज लोक" असं लिहू नये.

पुढच्या वेळी चिनी नववर्षाच्या आधी, म्हणजे जानेवारीतच, तो तिआनजिनचा शाकाहारी प्रकार छापा, वाचकांना आवडेल. आणि रेसिपीत कणीक गरम पाण्यात भिजवायला सांगितलीय ते वाफवायचे असतील तर ठीक, पाण्यात उकळायचे असतील तर कणीक गार पाण्यातच भिजवा आणि थोडा वेळ झाकून ठेवा. उकळी आली की वाटीभर गार पाणी ओतायचं, असं तीनदा, म्हणजे सारण शिजतं आणि पारी फुटत नाही.

आपली नियमित वाचक,
कोथरूड, पुणे