बाबा, तळजाईला जाणं बंद करू नका

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही तळजाईच्या टेकडीवर फिरायला जाणं सोडलंत, हे आईकडून कळलं. फिरायला येणाऱ्या काकांनी समोरून जातानाही ओळख दिली नाही, एवढंच घडलं. त्यावरून तुम्ही थेट ‘रिटायर झालं की माणसाला कोण विचारतं’ इथवर पोचलात. फोनवर मला हे धड बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

काकांनी ओळख दिली नाही, ही घटना. ‘मला आता कुणी विचारत नाही’, हा तुमचा विचार. जिव्हारी लागला तो विचार. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या हे १९६०च्या दशकात लक्षात आलं: उदास माणसाच्या मनात असे विचार आपोआप, क्षणात येतात आणि तो ते न तपासताच खरे धरतो. तपासायला वही-पेन पुरतं. विचार लिहायचा, तो खरा कशावरून ते लिहायचं, मग त्याच्याविरुद्ध काय आहे तेही तितक्याच प्रामाणिकपणे. हयातीचा दाखला द्यायला हेच काका तुम्हाला स्कूटरवरून बँकेत घेऊन गेले होते. सोसायटीचा हिशोब अडला की अजून तुम्हालाच हाक मारतात. आणि काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, हे तुम्हीच मला सांगितलंत ना?

आई, मी फोन उचलला नाही की तुझ्या डोळ्यांसमोर अपघातच येतो. विचार येणारच, त्यात तुझं काही चुकत नाही. फक्त त्याला ‘कशावरून?’ एवढं विचारत जा.

‘नेहमी चांगलाच विचार करा’ असं मी म्हणत नाही, मला ते पटतही नाही. बाबांचे गुडघे दुखतात, जुने मित्र एकेक करून गेले, ही दुःखं खरीच आहेत. पण म्हणून ‘आता सगळं संपलं’ हे खरं ठरत नाही.

बाबांना पहाटे तीनलाच जाग येते, जेवणावर वासना नाही, असं तू म्हणालीस. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर वयावर ढकलू नका. तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मधल्या काळात कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. मोफत आहे, मराठीतही बोलतात. डॉक्टरांची वेळ शनिवारचीच घे. मी सकाळच्या इंद्रायणीने येते, मिळूनच जाऊ.

तुमची,
धाकटी