अगोटीच्या आत सभागृहावर कौले चढायला हवीत : वाचनालयाचे आवाहन

समस्त ग्रामस्थ, मुंबई-पुण्याचे चाकरमानी, माहेरवाशिणी आणि वाचनालयाचे आजी-माजी सभासद यांस सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरे तर संक्रांतीला लिहायचे ठरले होते. मग वर्षअखेरीचे हिशेब आले, मग शिमगा. पालखी घरोघर फिरून देवळात परत जाईपर्यंत आपल्या गावात कोणी कोणाचे ऐकत नाही, आणि कार्यवाह तरी गावाबाहेरचा थोडाच आहे? आता हापूस उतरू लागला आहे आणि अगोटीला, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला, जेमतेम आठ आठवडे उरले आहेत. तेव्हा घाईत लिहितो आहे. शुद्धलेखन ग्रंथपाल बाईंनी तपासले आहे, रागलोभ मात्र माझा.

विषय वाचनालयाच्या मागच्या सभागृहाच्या छपराचा आहे. पुढची इमारत, म्हणजे देवघेव, वर्तमानपत्रांची पडवी आणि अभ्यासिका, चिऱ्याची आहे आणि अजून पन्नास वर्षे हलणार नाही. अडचण मागे आहे, जिथे आपले सगळे कार्यक्रम होतात.

गेल्या आषाढात शाळेच्या मुलांसाठी कथाकथन ठेवले होते. पाहुणे चिपळूणहून एस.टी.ने आले, मानधन नको म्हणाले. गोष्ट ऐन रंगात आली, भूत विहिरीतून वर येत होते आणि तेवढ्यात सर आली. पत्र्यावरचा आपल्याकडचा पाऊस म्हणजे शेजारच्याने कानात बोललेलेही ऐकू येत नाही. माइक लावला तर वीज गेली. पाहुण्यांनी थोडा वेळ ओरडून पाहिले, मग उरलेले भूत हातवारे करून दाखवले. पोरे खदखदून हसली, म्हणजे कार्यक्रम अगदीच वाया गेला असे नाही. पण त्याच वेळी कोपऱ्यात ठिबकू लागले ते थेट बालविभागाच्या कपाटावर. बाई गोष्ट सोडून कपाट ओढायला धावल्या, पाठोपाठ पाचवीतल्या दोन मुली. त्या दिवसापासून सभागृहात एक बादली, दोन घमेली आणि बंदरावरून मागून आणलेली निळी ताडपत्री कायमची वस्तीला आली आहे. घमेल्यात थेंब पडल्याचा आवाज अभ्यासिकेत जाऊ नये म्हणून बाईंनी तळाशी जुन्या लुगड्याचे फडके घातले आहे. अभ्यासिकेतली मुले तक्रार करत नाहीत. मला मात्र ते फडके दिसले की लाज वाटते.

हे पत्रे आले कुठून, ते नव्या सभासदांसाठी सांगतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आले आणि आपल्या दापोली-मंडणगड पट्ट्याची नारळी-पोफळी त्याने दुपारच्या दुपारी झोपवली. सभागृहाची कौले पत्त्यांसारखी उडाली. त्यातली काही समोरच्या विहिरीत सापडली. वर टाळेबंदी. गावात येणे नाही, गावातून जाणे नाही, कित्येक वाड्यांत महिना-महिना वीज नाही. अशा वेळी तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या आळीतल्या बायका तोंडाला पदर बांधून आल्या आणि भिजलेली पुस्तके देवळाच्या सभामंडपात नेऊन पसरू लागल्या. उन्हात ठेवायची नाहीत, कागद वाकडा होतो, हे त्यांना बाईंनी सांगितले. पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घालायचे, ते ओले झाले की बदलायचे, असे आठ दिवस चालले. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तके मात्र विटेसारखी चिकटली ती चिकटलीच. एका मुलाने त्यातला पक्ष्यांचा कोश सुरीने सोडवायचा प्रयत्न केला आणि धनेश दोन पानांवर अर्धा-अर्धा आला. तो कोश आम्ही टाकलेला नाही. काचेच्या कपाटात आहे, जरूर बघा.

तेव्हा जे पत्रे टाकले ते 'तात्पुरते' होते. तात्पुरते या शब्दाचे आपल्याकडे आयुष्य किती असते ते मी सांगायला नको. खाऱ्या वाऱ्याने स्क्रूभोवती गंज धरला, वायसर सडले, आता बोट घातले तर आरपार जाते.

त्या वेळी ज्यांनी मदत केली त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. नावे घालत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या अहवालात एक नाव चुकून राहिले आणि मला वर्षभर बाजारातून मान खाली घालून जावे लागले. नावे फलकावर आहेत, ओळखणारे ओळखतील. पत्रे ज्यांनी आपल्या काजूच्या कारखान्यावर घालायला आणले होते आणि ट्रकमधून उतरवायच्या आधीच वाचनालयाकडे वळवले, त्या शेठजींनी आजवर पावती घेतलेली नाही. पावती लिहून ठेवलेली आहे, शेठजी. पोस्टातून निवृत्त झालेल्या अण्णांनी पहिली पेन्शनच जशीच्या तशी बाईंच्या टेबलावर ठेवली होती. अण्णा आता नाहीत, त्यांची खुर्ची पडवीत आहे, आणि सकाळी आठला वर्तमानपत्र उघडणारे त्या खुर्चीवर अजून कोणी बसत नाहीत. बोरिवलीच्या एका माहेरवाशिणीने आईच्या वर्षश्राद्धाचा खर्च टाळून बालविभागाला दोन कपाटे दिली. आणि बंदरावरच्या मंडळींनी तर ऐन मासेमारी बंदीच्या काळात, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, हातात पैसा नाही, अशा वेळी वासे चढवायला सोळा माणसे दिली. चहासुद्धा त्यांचाच होता!

आता या सभागृहात चालते काय, असे विचारणारे भेटतात, म्हणून सांगतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत बंदरावरच्या तरुणांसाठी आम्ही संध्याकाळचा वर्ग घेतो. सुरुवात अर्ज भरण्यापासून झाली, बँकेचा, विम्याचा, बोटीच्या कागदांचा. आता निम्मा वेळ अर्जात आणि निम्मा गप्पांत जातो, आणि गप्पांतून तिघे-चौघे सभासद झाले. जाळे विणता विणता एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे ही कल्पना त्यांचीच. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन होतो. २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती. गुरुजी पालगडचे, म्हणजे आपल्याच तालुक्यातले, तेव्हा त्या दिवशी भाषण ठेवायचे नाही, मुलांनी मुलांना गोष्ट सांगायची असा आमचा नियम आहे. पहिल्या वर्षी तो मोडून एका मान्यवरांनी पाऊण तास घेतला. त्यानंतर मान्यवरांना आम्ही समोरच्या सतरंजीवर बसवतो.

२७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला या वर्षी मुलांना घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून शब्द गोळा करून आणायला सांगितले होते. पागोळी, गडगा, पाखाडी, कवळ, मांगर, झाप, इरले, बेडे. सातवीतल्या एका मुलीने 'अगोट' आणला आणि खाली लिहिले, "आजी म्हणते, अगोटीच्या आत जे घरात आले तेच आपले." मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले होते. पण मला विचाराल तर भाषेचा खरा कार्यक्रम त्या मुलीच्या वहीच्या पानावर झाला. एकादशीला आज्यांचे वाचन असते. पोथी संपली की त्या स्वतःच वर्तमानपत्राची मागणी करतात, आधी निधनवार्ता, मग भाजीचे भाव. दिवाळी अंकांची योजना तर आपल्या सर्वांच्या माहितीची आहे.

आणि अभ्यासिका. भरतीची तयारी करणारी मुले पहाटे मैदानावर धावून थेट इथे येतात. सराव परीक्षा सभागृहात होतात. पावसाळ्यात होत नाहीत.

आता थोडे स्पष्ट बोलतो. गेल्या गणपतीत आम्ही हेच आवाहन गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले होते. ब्याऐंशी अंगठे आले, एकोणीस जणांनी हात जोडले, देणगी पाच जणांनी दिली. त्या पाचांत एक दहावीतला मुलगा होता. बाप्पाच्या दर्शनाला म्हणून आलेले एक गृहस्थ, ज्यांनी याच पडवीत बसून अकरावीचा अभ्यास केला, मला विचारते झाले, "अरे, वाचनालय अजून चालू आहे?" मी "हो" म्हटले. दुसरे काय म्हणणार? हल्ली सगळे मोबाइलवर मिळते असेही ऐकवले जाते. मिळत असेल. पण पाऊस पडत असताना चाळीस मुलांना एकत्र बसवायला मोबाइलला छप्पर नसते. क्रिकेटच्या स्पर्धेला एका संध्याकाळी ढाली, टी-शर्ट आणि जेवण जमते याचा राग नाही, आमच्याच अभ्यासिकेतली पोरे त्यात खेळतात. वाईट एवढेच वाटते की तिथे मागावे लागत नाही.

शासनाचे अनुदान असते ना, हा दुसरा प्रश्न. असते. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली आपण मान्यताप्राप्त आहोत आणि २०२२ च्या अखेरीस अनुदानात साठ टक्के वाढ झाली, ती बऱ्याच वर्षांनी. पण ते येते हप्त्यांत, त्यातून पगार, पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल भागवायचे. बाई आणि शिपाई किती पगारावर काम करतात तो आकडा इथे लिहिला तर त्यांनाच संकोच वाटेल. छपराला त्यात जागा नाही.

आपल्या जिल्ह्याला वाचनालय चालवणे नवे नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात पुस्तकांचा चिखल झाला, त्याआधी २००५ मध्येही झाला होता, आणि दोन्ही वेळा लोकांनी ते पुन्हा उभे केले. इकडे दापोलीजवळच्या मुरूडचे उदाहरण तर घरचे. महर्षी कर्व्यांनी मुंबईत राहणाऱ्या मुरूडकरांना हाताशी धरून गावाच्या कामांसाठी 'मुरूड फंड' उभा केला, तेव्हा मुंबईहून गावी यायला बोट लागत होती. आता एक बोट लागते, मोबाइलवर दाबायला.

काम असे : पत्रे उतरवून लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे), त्यावर मंगलोरी कौले, आतून लाकडी फळ्यांची सिलिंग, म्हणजे ऐकू येईल. मिस्त्रींनी मजुरीसह अंदाज दिला आहे २ लाख ४० हजार रुपये. आजवर जमा ६२ हजार. कौले सुमारे बाराशे लागतील, ती जुनी चालतील, किंबहुना जुनीच बरी. गावात जुनी घरे पाडून स्लॅबची होत आहेत, ज्यांची कौले परड्यात रचून पडली आहेत त्यांनी ती विकायच्या आधी आम्हाला एक निरोप द्यावा. टेम्पोची सोय झाली आहे. अक्षय्य तृतीयेला सकाळी ८ वाजता पत्रे उतरवायचे श्रमदान, येताना हातमोजे आणावेत, गंज लागतो. देणगी रोख, धनादेश किंवा ऑनलाइन. खाते क्रमांक व क्यूआर कोड वाचनालयाच्या दर्शनी फलकावर आणि पावतीच्या मागे छापलेला आहे, ग्रुपवर फिरणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही कोडवर पैसे पाठवू नयेत. रक्कम कितीही चालेल, एका कौलाचे ४० रुपयेसुद्धा. पावती घेतल्याशिवाय जाऊ नये (शेठजी, हे आपल्यालाही). आयकर सवलतीचा दाखला आपल्या संस्थेकडे नाही, कृपया मागू नये. वेळ सकाळी ८ ते ११, दुपारी ४ ते ७, सोमवारी बंद. १५ मेपर्यंत जमले तर कैच्या उभ्या राहतात, नाही तर पुन्हा ताडपत्री. मे महिन्यात गावी येणाऱ्यांनी मुलांना घेऊन यावे, बालविभाग सुट्टीत रोज उघडा आहे, सभासदत्व लागत नाही.

आपला,
कार्यवाह
(कार्यकारी मंडळाच्या वतीने)

ता. क. : ज्यांच्या घरी वाचनालयाची पुस्तके वर्षानुवर्षे आहेत त्यांनी ती या महिन्यात आणून द्यावीत, दंड माफ आहे आणि कोणी काही विचारणार नाही. मात्र गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकांपैकी अकरा अंक शिमगा झाला तरी परत आलेले नाहीत. त्यांची नावे बाईंना पाठ आहेत.