बाबांचा दुरंगी स्वेटर

ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

प्रिय सखीस,
सप्रेम नमस्कार.

तू ग्राफच्या कागदावर काढून दिलेली धानाची लोंबी बाबांच्या छातीवर आली गं! पण मधे एकदा उसवावी लागली. ते का, हे तुला सांगायलाच हवं, कारण तूही आता दुरंगी विणायला घेणार आहेस.

मंडई, म्हणजे आमची दिवाळीनंतरची गावजत्रा, झाली की आमच्याकडे नाटकं सुरू होतात, तीही रात्रभर. बाबा एकही सोडत नाहीत, आणि पहाटे कुडकुडत घरी येतात. म्हणून सदऱ्यावरून घालायचा बिनबाह्यांचा स्वेटर ठरवला. छाती ९२ सेंटिमीटर, त्यात ८ सैल, म्हणजे १००. दहा नंबरच्या सुईवर साधा सुलट तुकडा विणून पाहिला, १० सेंटिमीटरला २४ टाके आले. गोल सुईवर २४० टाके घातले. लोंबी १२ टाक्यांची, म्हणजे वेढ्यात बरोबर २० लोंब्या. हिशेब इतका चोख जुळला की मी निर्धास्त झाले.

खालचा साधा भाग छान झाला. नक्षीच्या १५ ओळी झाल्यावर टाके दोऱ्यावर उतरवून बाबांना घालून पाहिला. ते काही बोलले नाहीत, श्वास आत ओढून उभे राहिले. ते पाहून माझ्या पोटात कसंसंच झालं.

पट्टी लावून मोजलं तर साध्या भागात २४ टाके, नक्षीत मात्र २६. म्हणजे २४० टाक्यांत जेमतेम ९२ सेंटिमीटर! नक्षीत जो रंग वापरात नसतो तो मागून ओढत न्यावा लागतो ना, तोच धागा विणीला ताणू देत नाही. मी तुकडा एकाच रंगात विणला, तिथेच चुकलं. नमुना नक्षीचाच विणायचा, आणि गोल विणणार असशील तर तोही गोलच.

दोन लोंब्या वाढवून २६४ टाके करता आले असते, पण मग खालचा भाग आणि वरचा भाग यांत झोल आला असता. त्यापेक्षा फक्त नक्षीसाठी नऊ नंबरची सुई घेतली. (आपल्याकडे नंबर कमी तशी सुई जाड, हे विसरू नकोस. दहाची सव्वातीन मिलिमीटर, नऊची पावणेचार.) नक्षीतही २४ टाके आले आणि तेवढ्याच टाक्यांत १०० सेंटिमीटर भरले.

रंग बदलताना उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरवून घे, मगच मागचा धागा आण. पाचपेक्षा जास्त टाके एकच रंग चालला की दुसरा धागा मधे अडकवायचा, नाहीतर बोटं अडकतात. आणि लोंबीचा पिवळा धागा कायम खालून, मागचा मरून रंगाचा वरून. खालचा रंग उठून दिसतो. एका वेढ्यात मी अदलाबदल केली, तेवढ्या ओळीत लोंबी फिकी पडलीय. ती तशीच ठेवली.

लांबीही वाढवली, कारण बाबा मांडी घालून बसले की कंबर उघडी पडते. १६ ओळी म्हणजे ५ सेंटिमीटर, त्या नक्षीच्या आधी, साध्या भागात घातल्या. नक्षीला हात लावला नाही.

आता गळ्याची पट्टी राहिलीय. परवा गावात नाटक आहे, तोवर करतेच.

तुझं माप पाठव. अंगाचं नको, तुझा सगळ्यात आवडता सैल स्वेटर जमिनीवर सपाट पसर आणि काखेपासून काखेपर्यंत मोज.

तुझीच,
मैत्रीण