ग्रानादाहून पत्र

प्रिय मंदार,

स्पॅनिश लोक नेमके कोण, असं तू विचारलं होतंस. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

काल घरमालकीण आजींबरोबर बाजारात गेलो. यादीत आसूकार, नारांहा, आसेइते; म्हणजे साखर, संत्री, तेल. तिन्ही शब्द अरबीतून आलेले. पहिले दोन तर आपल्याच शर्करा आणि नारंग यांची लेकरं, इराण-अरबस्तानातून फिरत इथवर पोचलेली! पिशवी हातात घेऊन मी तिथेच थबकलो.

७११ मध्ये मुसलमान फौजा समुद्र ओलांडून स्पेनमध्ये आल्या. त्यांचं शेवटचं राज्य हे ग्रानादा. २ जानेवारी १४९२ ला ते ख्रिस्ती राणी-राजा इसाबेल आणि फर्नांदो यांच्या हवाली झालं. धर्म पाळू देऊ, असं तहात लिहून दिलं होतं. दहा वर्षांत ते वचन मोडलं. ज्यूंना तर त्याच मार्चअखेर फर्मान निघालं, बाप्तिस्मा घ्या नाहीतर चालते व्हा. गेले बिचारे, पण भाषा सोबत घेऊन गेले. इस्तंबूल, सालोनिकातल्या त्यांच्या घरांत पुढची चार-पाचशे वर्षं जुनी स्पॅनिश बोलली गेली. ज्यांनी हाकललं त्यांचीच भाषा अशी जिवापाड जपायची, हे वाचून मला गलबलून आलं.

एकच धर्म, एकच भाषा हा हट्ट मात्र सुटला नाही. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत कातालान आणि बास्क या स्पेनमधल्याच दुसऱ्या भाषा शाळांतून हद्दपार झाल्या. १९७५ ला तो गेला, १९७८ ला नवी राज्यघटना आली. त्याआधी १९७७ च्या माफीच्या कायद्याने जुने गुन्हे मिटवून टाकले. लोकशाही रक्तपाताविना यावी म्हणून ते केलं, हे कळतं. तरी मला ते पटत नाही.

कारण यादवी युद्ध पेटलं तेव्हा, १९३६ च्या ऑगस्टमध्ये, आजींच्या वडिलांना फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी घरातून नेलं. कवी लोर्काला मारलं तोच महिना, हाच परिसर. लोर्काचाही देह अजून सापडलेला नाही. इथून जवळच विस्नारच्या घळीत आता खोदकाम चालू आहे, हाडं निघताहेत. आजींनी डीएनएसाठी लाळेचा नमुना दिलाय. काल संत्रं सोलता सोलता त्यांनी हे सांगितलं. मी विचारलं, "सापडतील?"

"ओहाला," म्हणाल्या. म्हणजे, होवो तसं. हाही शब्द अरबीच; त्यात अल्लाची इच्छा दडलेली आहे. आजी रोज चर्चला जातात.

तुझा,
नितीन