अप्पांचं चुलवाण

सिस्टर, नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं सोमवारी अप्पांना डायलिसिसला आणलं तेव्हा कळलं. नंबर घ्यायचा राहूनच गेला, म्हणून हे असं उघड लिहितेय. ओळखीचं कुणीतरी तुम्हाला दाखवेलच.

ड जीवनसत्त्वाच्या रिपोर्टवरून मी तुमच्याशी जवळजवळ भांडले होते, आठवतंय? आकडा आला होता ११. वीसच्या खाली म्हणजे कमतरता, तुम्ही म्हणालात. मला वाटलं, लॅबवाल्यांनी रिपोर्टची अदलाबदल केली. करवीर तालुक्यातला माणूस, चाळीस वर्षं गुळव्या म्हणून राबलेला, त्याला ऊन कमी पडलं?

तुम्ही मशीनचा अलार्म बंद करता करता अप्पांनाच विचारलंत, "अप्पा, ऊस तोडला की झाला का गूळ?"

"न्हाई वो! रस काढाय लागतोय, काहिलीत कढवाय लागतोय."

"मग तसंच. ऊन लागून कातडीत होतो तो ऊस. लिव्हरमध्ये त्याचा रस निघतो. गूळ होतो किडनीत, आणि तुमचं चुलवाणच थंड पडलंय."

अप्पा इतके हसले की तुम्हाला त्यांचा फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचलेला, हात दाबून धरावा लागला. रिपोर्टात मोजतात तो रस, गूळ नव्हे, हेही तेव्हाच कळलं. अप्पांचा रससुद्धा आटलेला, कारण दोन वर्षं ते फारसे घराबाहेर पडले नव्हते आणि आधीपासून लघवीतून प्रोटीन जायचं, त्याच्याबरोबर हेही वाहून जातं. रात्री मांड्या ठणकायच्या त्याला आम्ही वय म्हणून तेल चोळत होतो. गूळ कमी पडून रक्तातलं कॅल्शियम घसरलं, फॉस्फरस साठला, की गळ्यातल्या चार चिमुकल्या ग्रंथी चेकाळतात आणि हाडांतलं कॅल्शियम ओढायला लागतात, हे आम्हाला कोण सांगणार?

आणि ती पुडी! शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून मी मेडिकलमधून साठ हजार युनिटच्या पुड्या आणल्या आणि दुधातून रोज एक द्यायला लागले. तिसऱ्या दिवशी तुम्ही सहज विचारलंत, "घरी आणखी काय चालू आहे?" मी अभिमानाने सांगितलं. तुमचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. ओरडला नाहीत, पण लगेच डॉक्टरांना बोलावून कॅल्शियम तपासायला लावलंत. ते ठीक निघालं, माझं नशीब. ही पुडी साधारणपणे आठवड्याला एक असते, तीही डॉक्टरांनी सांगितली तरच. जास्त झाली तर कॅल्शियम चढतं आणि रक्तवाहिन्यांत जाऊन बसतं. पुढे डॉक्टरांनी पीटीएच, म्हणजे गळ्यातल्या त्या ग्रंथींचं हार्मोन, तपासून तयार गुळाची, म्हणजे कॅल्सिट्रिऑलची, इवलीशी कॅप्सूल लिहून दिली. पाव मायक्रोग्रॅम! अप्पांना पटेना, एवढ्याशाने काय होणार म्हणून.

फॉस्फरसच्या गोळीचं तर हसूच येतं. आम्ही ती सकाळी उपाशीपोटी द्यायचो, बाकीच्या गोळ्यांबरोबर. "अहो, अन्नातला फॉस्फरस धरायला ती गोळी, पोटात अन्न नको का?" असं म्हणून तुम्ही डबा उघडायला लावलात आणि पहिल्या घासाबरोबर स्वतः त्यांना गोळी दिलीत. चार तास पायांवर उभं राहून वर हे.

मांड्यांचं दुखणं पूर्ण गेलं नाही, पण रात्री झोप लागते. ताटात आता मिठाच्या जागी अप्पा ती गोळी मांडून ठेवतात, आणि कुणी विचारलं की सांगतात, "शिस्टरनी वाढलीया."

तुमची,
अप्पांची थोरली