सातचा आकडा

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

"बाबा, कोळसा जाळत बसण्यापेक्षा जैतापूरचा अणुप्रकल्प झालेला काय वाईट?" हा तुझा प्रश्न चार दिवस डोक्यात घोळतोय. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

तुझं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. अणुभट्टी धूर ओकत नाही. २०२१ च्या तौक्ते वादळात आडवे झालेले खांब मी स्वतः मोजलेत, त्यामुळे हवामान बिघडलंय हे मला कुणी सांगायला नको. जर्मनीने २०२३ मध्ये शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या आणि लिग्नाइट, म्हणजे हलका कोळसा, जाळणं चालूच ठेवलं, हे चूकच झालं. तारापूरच्या चालू भट्ट्या चालूच राहाव्यात.

पण जैतापूरचा करार २०१० चा, आणि अजून एकही भट्टी उभी नाही. फ्रान्समध्ये फ्लामांव्हिलला त्याच बनावटीच्या भट्टीचं काम २००७ मध्ये सुरू झालं, वीज आली डिसेंबर २०२४ ला. सतरा वर्षं! एवढा वेळ आपल्याकडे आहे का गं? आणि प्रकल्पासाठी घेतलेल्या माडबनच्या जमिनी, भट्टीतून समुद्रात सोडलेल्या कोमट पाण्याने मासळी दूर जाईल ही साखरीनाट्याच्या मच्छीमारांची धास्ती, हे तुझ्या बोलण्यात कुठेच आलं नाही. त्याचं मला वाईट वाटलं.

आता सौर विजेचं. तीस वर्षं विजेच्या उपकेंद्रात मी दर तासाला लोड, म्हणजे विजेची मागणी, लिहिली. दिवेलागणीला घराघरात दिवे, पंखे, टीव्ही लागले की संध्याकाळी सातचा आकडा चढायचा, आणि नेमकं तेव्हाच पॅनेल झोपलेलं असतं. ही अडचण खरी आहे. पण घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पात २००८ पासून काय चालतं ते बघ. वीज जास्त असली की खालच्या धरणातलं पाणी पंपाने वर चढवायचं, गरज पडली की सोडायचं, २५० मेगावॉट मिळतात. चढवायला लागते तेवढी वीज परत येत नाही, पण दुपारचं ऊन वाया जाण्यापेक्षा ते बरं. पावसाळ्यात ऊन कमी, तर साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर, जिथे पवनचक्क्या आहेत, वारा त्याच दिवसांत जोरात. सह्याद्रीत घाटघर-चाळकेवाडीसारख्या जागा शोधायला पैसा आधी लागावा, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या डायरीत मे आणि जुलैचे सातचे आकडे उतरवलेले आहेत. दिवाळीला आलीस की देतो, त्यावर तुझं गणित मांडून मला दाखव.

तुझा,
बाबा