घण चालवणाऱ्या मावशींना जाहीर आभारपत्र

आदरणीय मावशी,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात आम्ही हौसेने लोहारकाम करणाऱ्या मंडळींनी आपापल्या हातची नवी कामे एकत्र मांडली आणि प्रत्येकाने आपली वस्तू कशी घडवली ते इतरांना सविस्तर सांगितले. कोणी अडकित्ता आणला होता, कोणी ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून केलेली विळी, कोणी जुन्या वाड्याच्या दारासाठी पीळ दिलेली कडी, तर एकाने विदर्भातील महापाषाणकालीन, म्हणजे मोठ्या दगडांची थडगी रचण्याच्या काळातील, दफनांत सापडणाऱ्या चपट्या कुऱ्हाडीची प्रतिकृती. बोलणे पुढे सरकत गेले तसे सगळ्यांच्याच ध्यानात आले की, जिथे काम खरोखर साधले होते, तिथे हमखास ‘हे मावशींनी दाखवले’ असे वाक्य येत होते. हे श्रेय आमच्या शेडच्या पत्र्याखालीच राहू नये, ते जाहीरपणे नोंदले जावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आपली लेक ते आपल्याला आणि काकांना वाचून दाखवणार आहे.

आपल्या घिसाडी या फिरस्त्या लोहार समाजातील बायका पिढ्यान्‌पिढ्या घण चालवत आल्या आहेत. रस्त्याकडेला भट्टी लावून बसलेले जोडपे महाराष्ट्रात सर्वांनीच पाहिलेले असते. नवरा सांडशीत तापलेले लोखंड धरून बसतो आणि बायको उभी राहून घण घालते. पाहणाऱ्याला त्यात कष्ट दिसतात, आणि ते आहेतच. परंतु कारागिरी बसलेल्या माणसाची आणि ताकद तेवढी उभ्या बाईची, असा जो समज सर्वत्र पसरलेला आहे, तो किती अपुरा आहे हे आपल्या समोर उभे राहून घण हातात घेतल्यावरच आम्हांला उमगले. काकांचा लहान हातोडा जिथे पडतो, तिथेच पुढचा घाव पडला पाहिजे. तो हलका पडला तर घावही हलका, जोरात पडला तर जोरात, आणि तो लोखंडावर न पडता ऐरणीवर वाजला की घण थांबला पाहिजे, हा सगळा संवाद एक शब्दही न बोलता चालतो. तो ऐकण्यासाठी कान लागतो, आणि तो कान आपण आम्हांला दिला.

आपण शिकवलेले बारकावे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण हे काम नव्याने करू पाहणाऱ्या कोणालाही ते उपयोगी पडतील. पाय खांद्याइतके फाकवून उभे राहावे आणि ऐरणीच्या अगदी समोर नव्हे, तर किंचित बाजूला राहावे, म्हणजे घण निसटला तरी तो समोर बसलेल्याच्या अंगावर जाणार नाही. घण उचलताना वरचा हात त्याच्या डोक्याजवळ असावा आणि खाली येताना तो दांड्यावरून सरकत दुसऱ्या हाताला भेटावा. असे केले की उचलण्याचे ओझे कमी होते आणि घावाला वेग घणाच्या स्वतःच्या वजनाने मिळतो. नजर घणावर नको, लोखंडावरच्या त्या एका जागेवर हवी. घण लोखंडावर सपाट बसला पाहिजे, कारण त्याची कड लागली तर लोखंडावर चंद्रकोरीसारखी खूण पडते आणि पुढे तिथूनच चीर जाण्याचा धोका राहतो. या शेवटच्या सूचनेचे मोल मला विशेष वाटते. अवजाराच्या पात्यात अशी एक खूण राहून गेली तर ते पाते शेतात, कोणाच्या तरी हातात असताना तुटू शकते, हे आपण ज्या गांभीर्याने सांगितलेत, ते आम्ही कोणीही विसरलेलो नाही.

दोघांनी मिळून काम करण्याचा लाभ ताव, म्हणजे लोखंड तापवून ठोकण्याच्या फेऱ्या, मोजू लागल्यावर स्पष्ट होतो. पाट्याचा जाड तुकडा भट्टीतून बाहेर काढला की त्याची ठोकण्याजोगी उष्णता थोड्याच वेळात ओसरते. एकट्याच्या हातोड्याला जे काम अनेक तावांत करावे लागते, ते घणाच्या साथीने एक-दोन तावांत उरकते. प्रत्येक तावात पोलादाच्या पृष्ठभागावरचे थोडे लोखंड खपली होऊन झडते आणि पृष्ठभागाजवळचा थोडा कार्बनही जळतो, म्हणून ताव जितके कमी, तितके पाते चांगले राहते. आमच्या मंडळींतील बहुतेक जण आता जोडीनेच काम करतात, आणि घणाची पाळी सगळ्यांवर, स्त्री-पुरुष दोघांवरही, सारखी येते.

पाणी देण्याच्या, म्हणजे तापलेले पोलाद बुडवून कठीण करण्याच्या, बाबतीत आपण दाखवलेली रीत आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. आम्ही पुस्तकी मार्गाने चालणारी माणसे. पोलाद साधारण ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला चिकटेनासे होते, त्याहून थोडे अधिक तापवून ते तेलात बुडवायचे आणि मग घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांच्या आसपास दोन तास ठेवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा, हे आम्हांला ठाऊक होते आणि ते बरोबरही आहे. परंतु आपण विळ्याची फक्त धार पाण्यात धरलीत, पाते बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत केलेत आणि पाठीत उरलेली उष्णता धारेकडे कशी चालत येते ते आम्हांला पाहायला लावलेत. आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग त्या उजळ पट्ट्यावर सरकत येतो. फिकट पिवळा रंग साधारण २२० अंशांना येतो आणि निळा ३०० अंशांच्या आसपास. सुरीसाठी सोनेरी रंगावर थांबावे. ऊस तोडणाऱ्या कोयत्यासाठी तपकिरी ओलांडून जांभळ्याच्या सुरुवातीपर्यंत जाऊ द्यावे, कारण त्याला दिवसभर घाव सोसायचे असतात. यामुळे धार कठीण राहते आणि पाठ चिवट राहते, आणि यासाठी विजेचे एकही उपकरण लागत नाही. भट्टीवर नेहमी ताडपत्रीची सावली का असते, हेही तेव्हाच समजले. तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात खरा दिसत नाही आणि हात प्रमाणाबाहेर तापवत राहतो.

काकांचे ऋणही इथे नोंदले पाहिजे. पंखा फिरवताना वारा बेताने द्यावा, लोखंड वाऱ्याच्या तोंडाशी न ठेवता निखाऱ्यांच्या मधोमध ठेवावे, त्याच्याखाली आणि वरही विस्तव असावा, हे त्यांनी सांगितले आणि आमच्या भट्टीतील खपली निम्म्याहून कमी झाली. सांडशीचे जबडे ज्या जाडीच्या लोखंडासाठी करायचे, त्याच जाडीवर गरम असताना दाबून बसवावेत आणि दांड्यांवर एक सैल कडी सरकवून ठेवावी, म्हणजे मूठ सतत आवळावी लागत नाही, ही त्यांची युक्ती आता आमच्यातील प्रत्येकाच्या सांडशीवर दिसते. मनगटावर येणारा ताण तिने किती कमी होतो, हे दिवसभर कागदावर काम करून रविवारी हातोडा धरणाऱ्यालाच कळेल.

त्या चपट्या कुऱ्हाडीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण काकांना त्याची उत्सुकता होती. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे लोखंड गाळण्याची प्राचीन भट्टी उत्खननात मिळालेली आहे आणि विदर्भातील शिळावर्तुळांमध्ये, म्हणजे दफनांभोवती मांडलेल्या दगडांच्या वर्तुळांमध्ये, लोखंडी वस्तू मोठ्या संख्येने सापडल्या आहेत. त्यांतील या कुऱ्हाडीला दांड्यासाठी भोक नसते. लोखंडी पट्ट्यांची आडवी कडी तिला दांड्याशी जखडून ठेवते. आमचा मित्र ही कडी थंड असताना वाकवून बसवत होता आणि ती काही केल्या घट्ट होत नव्हती. काकांनी चित्र पाहिले आणि बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव बसवतात तशी बसवा, एवढेच म्हणाले. पट्टी तापवून चढवली, पाणी ओतले, ती आकसली आणि कुऱ्हाड दांड्याला पक्की बसली. प्राचीन कारागीर हीच रीत वापरत होते की नाही, याविषयी आम्ही कोणताही दावा करत नाही. पण ही प्रतिकृती हातात धरून लाकूड फोडता येते, आणि ते काकांमुळे.

माल निवडण्याविषयी आपण जे बजावलेत, त्यात केवळ धातूचे ज्ञान नव्हते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ऐरणीवर घेऊ नये, ते तापवून ठोकले तर फुटते. जस्ताचा मुलामा असलेले पाइप आणि पत्रे भट्टीत घालू नयेत, कारण त्या धुराने ताप भरतो. पाट्याच्या तुकड्यात आधीपासून बारीक चीर आहे का, ते कानस मारून आणि वाजवून पाहावे. हे सारे आम्ही पाळतो. पण ऐरणीसाठी रुळाचा तुकडा मिळवण्याचा विषय निघाला, तेव्हा आपण एकदम ठाम शब्दांत नकार दिलात. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. भंगारातून घेतलेला रूळ कायदेशीर लिलावातून आला होता, हे घेणाऱ्याला पावतीशिवाय सिद्ध करता येत नाही. आपण त्यापुढे जाऊन म्हणालात की, तुम्हांला विचारतील, आम्हांला उचलून नेतील. फिरस्त्या माणसांवर संशय आधी येतो, ही गोष्ट मी वाचून जाणत होतो. ती आपल्या तोंडून ऐकल्यावर भंगाराच्या प्रत्येक किलोची पावती घेण्याचा नियम आम्ही केला आणि आपल्या मालाची पावतीही आमच्यासोबतच घेऊ लागलो. आमची ऐरण आता यंत्राच्या जुन्या पोलादी ठोकळ्याची आहे, बाभळीच्या ओंडक्यात बसवलेली, आणि तिची उंची, आपण सांगितल्याप्रमाणे, उभ्या माणसाच्या मिटलेल्या मुठीइतकी आहे.

मावशी, आमच्यासाठी हा छंद आहे आणि आपल्यासाठी ही रोजची भाकर आहे. हा फरक आम्ही नजरेआड करू इच्छित नाही. आपण ज्या दिवशी आम्हांला शिकवता, त्या दिवशी रस्त्याकडेची भट्टी बंद राहते. खुरपी-विळे शेवटून, म्हणजे पुन्हा धार काढून, घ्यायला आलेले गिऱ्हाईक परत जाते आणि दुकानात मिळणारा कारखान्यातला विळा घेऊन घरी जाते. म्हणून शिकवण्याच्या दिवसाची पूर्ण रोजी, ती देखील दोघांची वेगवेगळी आणि समान, देण्याचे आम्ही ठरवले आहे. घण चालवणारीची मजुरी कमी धरण्याचे कोणतेही कारण आम्हांला दिसत नाही. आमच्याकडे यापुढे जो कोणी नवा शिकायला येईल, त्यालाही हेच सांगितले जाईल, आणि आपली रीत दुसऱ्या कोणाला दाखवताना ती कोणाकडून आली, हे सांगणे आमच्यावर बंधनकारक राहील.

पावसाळ्यात ताडपत्रीखाली भट्टी लागत नाही, असे आपण म्हणाला होतात. आमच्या शेडची पूर्वेकडची बाजू रविवार सोडून आठवड्याचे सहाही दिवस मोकळी असते. तिथे आपली भट्टी लावावी, गिऱ्हाइकांना तिथेच बोलवावे, भाड्याचा विषय काढू नये. कोळसा ठेवायला कोरडी जागा केली आहे. गॅरेजमधून गोळा केलेले पाटे पावतीसह बाजूला काढून ठेवले आहेत. त्यांतील जाड तुकडे कोयत्यांसाठी आणि पातळ तुकडे खुरप्यांसाठी वेगळे केले आहेत. ऊसतोडीच्या हंगामाआधी कोयत्यांचे काम वाढेल, तेव्हा घणाला हात लागले तर रविवारी आम्ही सर्व जण उपलब्ध आहोत. आपल्या घणाचा दांडा सैल झाला आहे, असे लेकीने कळवले. धावड्याच्या लाकडाचा नवा दांडा तासून ठेवला आहे, पाचर मात्र आपल्याच हाताने मारावी.

काकांना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

आपले कृतज्ञ,
रविवारी भट्टीवर जमणारे आम्ही सर्व